तीन जेट्ट्या, सात रात्री: आई-मावशीला घेऊन पुण्याहून मालवण, किनाऱ्याकिनाऱ्याने

आईला गाडी लागते. आमच्या प्रवासाचा सगळा आराखडा या एका गोष्टीवर उभा राहिला, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार. मावशीची पंचाहत्तरी होती. जेवणं झाल्यावर दोघी बहिणी गुहागरच्या आजोळच्या गोष्टी काढून बसल्या. लहानपणी मे महिन्यात मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसायचं, दाभोळच्या खाडीत बोट थांबली की खालून पडाव, म्हणजे लहान होड्या, यायचे, खलाशी पोरांना दोन्ही हातांनी उचलून पडावात घ्यायचे. आईला तेव्हा बोट लागायची, आता गाडी लागते. बोलता बोलता मावशी म्हणाली, "गुहागरला नंतर किती वेळा गेलो, पण पाण्यावरून परत कधी गेलो नाही गं." त्यावर दोघी गप्प झाल्या.

पुण्याहून गुहागरला जायचं तर कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे सरळ रस्ता आहे. पण मला ते वाक्य सोडेना. दाभोळ ते धोपावे जंगलजेट्टी, म्हणजे गाड्या नेणारी बोट, चालते, गाडीसकट पलीकडे गुहागरच्या बाजूला जाता येतं, हे माहीत होतं. मग नुसतं दाभोळ कशाला, वरपासून खालपर्यंत किनाऱ्यानेच जाऊ, असं मी त्याच रात्री ठरवून टाकलं. माझं वय ४७. गाडी चालवते चार वर्षं, आणि तोवर एकटीने गाठलेलं सगळ्यात लांबचं ठिकाण सातारा. नवऱ्याला सुट्टी मिळणार नव्हती. म्हणजे चालवणारी मी एकटी, सोबत ७२ आणि ७५ वर्षांच्या दोघी. ठरवल्यावर दोन रात्री झोप लागली नाही.

पहिला आराखडा मी नकाशा बघून केला आणि तो पूर्ण चुकला. पाच दिवस, रोज १८० किलोमीटर, नकाशा म्हणतो पाच तास. ऑफिसातल्या एका रत्नागिरीकर सहकाऱ्याला दाखवला. त्याने कागद परत दिला आणि म्हणाला, "किनाऱ्यावर किलोमीटर मोजायचे नाहीत, खाड्या मोजायच्या. नकाशा जो वेळ सांगेल त्याची दीडपट धर." प्रवासात हे अक्षरशः खरं निघालं. रस्ता अरुंद, दर पाच-दहा मिनिटांनी गाव, गावात दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, आणि समोरून एसटी. ताशी पंचवीस-तीसच्या वर सरासरी जात नाही.

मग एक दोनशे पानी वही घेतली. एका दिवसाला एक पान. वर लिहायचं: निघायचं कुठून, पोचायचं कुठे, मधे खाडी कोणती, पूल आहे की जेट्टी. खाली: चालवायचे तास (जास्तीत जास्त चार), पेट्रोल कुठे भरायचं, थांबायचं कुठे. थांबायचं म्हणजे चहासाठी नव्हे, स्वच्छतागृहासाठी. तीन बायकांच्या प्रवासात, त्यातल्या दोघी सत्तरीपुढच्या, तेव्हा हे आधी बघावं लागतं. पेट्रोल पंप, मोठी देवळं, तालुक्याच्या गावातली बऱ्यापैकी हॉटेलं अशी एकेका दिवसाची तीन-चार ठिकाणं लिहून ठेवली. बायकांनी स्वतः गाडी काढायची असेल तर हॉटेल बुकिंगच्याही आधी हे करा.

तारखा ठरवायला कालनिर्णय घेऊन बसलो. २६ जानेवारीच्या आसपास किनारा भरलेला असतो. १ फेब्रुवारीला माघी गणेशजयंती, म्हणजे दिवेआगर, गणपतीपुळे, हेदवी सगळीकडे गर्दी. २६ फेब्रुवारीला महाशिवरात्र, कुणकेश्वरची मोठी जत्रा. त्यातच आंगणेवाडीची जत्रा. तिची तारीख देवीच्या कौलाने ठरते, आणि एकदा ठरली की मालवणात खोली मिळत नाही. मार्चपासून उकाडा. उरला तो २ ते ९ फेब्रुवारीचा आठवडा. निघायचं मुद्दाम रविवारी ठेवलं. शनिवार-रविवारचे लोक परतत असतात तेव्हा आपण पोचतो, खोल्या रिकाम्या असतात आणि भाव उतरलेले. आमच्या सात रात्रींपैकी शनिवारची एकच रात्र महाग पडली.

तिथ्या बघताना आईने वहीत एक गोष्ट भर घातली, ती मला माहीतच नव्हती. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी तीनच्या सुमाराला पूर्ण भरती आणि पहाटेही तेवढ्यालाच. त्याच्या सहा तास मागे-पुढे ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, सव्वाअकरा येतात. कृष्णपक्षातही पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण अंदाजाला पुरतं. तिच्या आजोबांनी शिकवलेलं. साठ वर्षं पुण्यात राहूनही विसरली नव्हती. तिने प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात भरती-ओहोटीच्या वेळा लिहून दिल्या.

डिसेंबर कागदपत्रांत गेला. माझं लायसन्स १९ फेब्रुवारीला संपत होतं, म्हणजे परत आल्यावर दहा दिवसांनी. नंतर बघू म्हणत होते, पण वाटेत काही झालं तर, या विचाराने आधीच करून टाकलं. मुदत संपण्याची वाट बघावी लागत नाही, आधी अर्ज करता येतो. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज, आणि चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांनी सही-शिक्का केलेला फॉर्म १-अ, म्हणजे तब्येतीचा दाखला. पहिल्यांदा माझा फॉर्म परत आला, कारण स्कॅनमध्ये शिक्का अस्पष्ट होता. पुन्हा डॉक्टरांकडे, पुन्हा स्कॅन. ९ डिसेंबरला केलेला अर्ज, कार्ड पोस्टाने हातात आलं ते ३ जानेवारीला. पीयूसी जानेवारीत संपत होती, ती काढली. विम्याची मुदत बघितली. सगळं डिजिलॉकरमध्ये ठेवलं आणि शिवाय छापील प्रतींची एक फाइल गाडीत, कारण खाडीकाठच्या कितीतरी गावांत नेटवर्क नसतं. त्याच फाइलमध्ये तिघींच्या आधार कार्डांच्या पाच-पाच झेरॉक्स. प्रत्येक मुक्कामाला मागितल्या.

गाडीचं सर्व्हिसिंग १८ जानेवारीला केलं. पुढचे ब्रेक पॅड बदलले, स्टेपनीत हवा भरली, ४,८०० रुपये झाले. मेकॅनिककडून चाक बदलायला शिकून घेतलं. गरज पडली नाही, पण शिकल्यावर धीर आला.

मुक्कामांसाठी मी साधारण वीस-बावीस फोन केले. पहिल्या दोन-तीन फोनांत नुसतं "खोली आहे का, भाव काय" विचारलं. मग मावशीचे गुडघे आठवले आणि प्रश्न ठरून गेले: खोली तळमजल्यावर आहे का? कमोड आहे का? गाडी दारापर्यंत येते की पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढून यावं लागतं? रात्रीच्या जेवणाचं कधी सांगायचं? कोकणातल्या घरगुती राहण्याच्या जागी हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. दुपारी चारपर्यंत सांगितलं नाही तर रात्री जेवण मिळेलच असं नाही, आणि गावात दुसरीकडे काही उघडं नसतं. तिघींची खोली आठवड्याच्या मधल्या दिवसांत दोन हजारांच्या आसपास मिळाली. आगाऊ रक्कम बहुतेकांनी पाचशे-हजारच मागितली.

आणि एक तयारी, जी कोणाला सांगितली नव्हती. जंगलजेट्टीवर काही वेळा गाडी रिव्हर्समध्ये चढवावी लागते, असं ऐकलं होतं. उतारावरून, ओल्या काँक्रीटवर, मागे पाणी. याचीच मला सगळ्यात जास्त भीती होती. आमच्या सोसायटीच्या पार्किंगला तळघरात उतरणारा रॅम्प आहे. जानेवारीचे तीन रविवार सकाळी सहाला मी तिथे जाऊन गाडी उलटी उतरवत होते. पहिल्या रविवारी भिंतीला आरसा घासला. तिसऱ्या रविवारी नुसत्या आरशांवर सरळ रेषेत उतरायला लागले.

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी सव्वासहाला निघालो. आई पुढच्या सीटवर, काच चार बोटं उघडी, पोटात फक्त राजगिऱ्याचा लाडू आणि कोरा चहा. मांडीवर आवळासुपारीची डबी. डॉक्टरांना विचारून गाडी लागायची गोळी निघायच्या आधी तासभर दिली होती. ताम्हिणी घाट मी तिसऱ्या गियरच्या वर गेलेच नाही. मागचे हॉर्न वाजवत होते. जागा मिळाली की बाजूला होऊन जाऊ देत होते. घाट उतरून निजामपूरला थांबलो तेव्हा आई व्यवस्थित होती. माणगावलाही. म्हसळ्याच्या अलीकडच्या वळणांवर मात्र तिला उलटी झालीच. गाडी बाजूला घेतली, तोंड धुतलं, दहा मिनिटं ती झाडाखाली बसली. मला वाटलं, पहिल्याच दिवशी हे, तर पुढचे सात दिवस कसे निघणार. आई म्हणाली, "थांबत थांबत नेलीस तर मी पार दक्षिण टोकाच्या रेडीपर्यंत येईन. घाई केलीस तर श्रीवर्धनलाच उतरेन." त्यानंतर रोज दर पाऊण तासाला थांबायचं म्हणजे थांबायचंच, हा नियम झाला.

दुपारी एकला दिवेआगर. तिथल्या सुवर्णगणेशाचं दर्शन घेतलं. १९९७ च्या नोव्हेंबरात सुपारीच्या बागेत तांब्याच्या पेटीत सापडलेला तो मुखवटा २०१२ मध्ये चोरीला गेला होता, २०२१ मध्ये नव्याने घडवून पुन्हा बसवला. संध्याकाळी सुरूच्या बनाकडेने किनाऱ्यावर दोघी फक्त बसून राहिल्या. मी साडेआठला झोपले.

३ तारखेला पहिली जेट्टी. दिवेआगर, आरावी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. यातला आरावीजवळचा समुद्राला चिकटून जाणारा रस्ता इतका सुंदर आहे की तिथे थांबायला अर्धा तास वेगळा ठेवा. हरिहरेश्वरहून बागमांडल्याच्या धक्क्यावर पावणेअकराला पोचलो. वहीच्या कोपऱ्यात आईचं अक्षर: षष्ठी, भरती साडेचार, ओहोटी साडेदहा. पाणी खरोखरच पार खाली गेलेलं. धक्क्यावरचा शेवाळलेला उतार उघडा पडला होता. पुढे दोन गाड्या आणि एक टेम्पो. बोट पलीकडे वेसवीला उभी. "पाणी जरा चढू द्या, मग येईल," असं सांगितलं. पन्नास मिनिटं थांबलो. खाडी सावित्रीची, अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी. आईला या पन्नास मिनिटांचा जो आनंद झाला तो काय सांगू. तिचं गणित बरोबर आलं होतं, आणि ती धक्क्यावर उभ्या प्रत्येकाला तिथीचा हिशेब समजावत होती.

बोट आली. पुढची फळी धक्क्यावर खडखडत टेकली, आणि मला हात झाला: रिव्हर्स. तो क्षण मला अजून आठवतो. क्लचवर पाय थरथरत होता. बोटीवरचा माणूस म्हणाला, "ताई, माझ्याकडे बघू नका, आरशात बघा. सावकाश. मी सांगेन तेव्हाच थांबा." उतारावर चाकं ओल्या काँक्रीटवरून गेली, मग लोखंडी फळीवर चढताना गाडीला एक धक्का बसला, आवाज बदलला, आणि चाकांखाली बोट हललेली कळली. "बस." हँडब्रेक ओढला, गियर टाकला. मागच्या टेम्पोत आणि माझ्यात हातभर अंतर. दोघी आधीच चालत चढल्या होत्या. जेट्टीवर गाडी चढवताना वयस्कर माणसांना उतरवावं, त्यांनाही बरं आणि आपल्यालाही. तीन जेट्ट्यांचे मिळून आमचे ७४० रुपये झाले, गाडी आणि माणसं धरून. पैसे रोख ठेवा. आणि वेळापत्रक कुठेही वाचलेलं असलं तरी आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या यजमानांना "उद्या जेट्टी चालू आहे ना?" एवढं विचारा. त्यांना नेमकं माहीत असतं.

केळशीवरून आंजर्ल्याला चार वाजता पोचलो. दुसऱ्या दिवशी रथसप्तमी. पहाटे यजमान काकूंनी अंगणात तुळशीपुढे गोवऱ्या पेटवून छोट्या बोळक्यात दूध ठेवलं होतं. आई आंघोळ करून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. सूर्य नारळांच्या वर आला तेव्हा दूध उतू गेलं. पुण्यात फ्लॅटमध्ये ती हे गॅसवर करते; इथे धुरामुळे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत बसून राहिली. निघायला तासभर उशीर झाला आणि मला त्याचं काही वाटलं नाही. वाटेत कड्यावरच्या गणपतीला गेलो, वरपर्यंत गाडी जाते. हर्णैला गाडीतूनच सुवर्णदुर्ग पाहिला. दापोलीला पेट्रोल भरलं. तालुक्याचं गाव दिसलं की टाकी भरायची, हे शेवटपर्यंत पाळलं.

दाभोळचा उतार तीव्र आहे. बंदरावर साडेबाराला आलो. जुनी शाही मशीद, मासळीचा वास, होड्या. दोघी गाडीतून उतरल्या आणि धक्क्याच्या टोकाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागे दहा पावलं थांबले. बोट नेमकी कुठे उभी राहायची यावर दोघींचं एकमत होईना. मावशी म्हणे, इथे समोर. आई म्हणे, नाही गं, आणखी बाहेर, पडावात बराच वेळ लागायचा. अंजनवेलच्या बाजूला वीज प्रकल्पाची धुराडी दिसतात, ती तेव्हा नव्हती. जेट्टी लागली. या वेळी सरळ चढायचं होतं. वाशिष्ठीची खाडी ओलांडायला मोजून दहा-पंधरा मिनिटं लागली असतील. मावशीने वरच्या मजल्यावर जायचा हट्ट धरला. गुडघ्यांमुळे जिना चढायला तिला अर्धा प्रवास लागला, वर पोचेपर्यंत धोपावे जवळ आलं होतं. कठड्याला धरून ती म्हणाली, "अप्पा धक्क्यावर उभे असायचे." अप्पा म्हणजे तिचे आजोबा. आईने काही न बोलता तिचा हात धरला. बोट पाण्यावर होती तरी त्या दिवशी आईला काही लागलं नाही.

गुहागरला दोन रात्री ठेवल्या होत्या. आठवड्याच्या मधे एक दिवस गाडी न हलवता काढायचा, हा माझा सगळ्यांना आग्रहाचा सल्ला आहे. चालवणाऱ्याची पाठ आणि बसणाऱ्यांची पोटं, दोन्ही सावरतात. ५ तारखेला सकाळी व्याडेश्वर, मग दोघी आजोळच्या आळीत गेल्या. घर आता दुसऱ्यांचं आहे, पुढचा भाग पाडून स्लॅब घातली आहे. पण विहीर तीच. त्या घरातल्या सूनबाईंनी ओळखपाळख नसताना आत बोलावलं, आवळ्याचं सरबत दिलं. मावशीने विहिरीच्या काठावरच्या चिऱ्यात दोरीने पडलेली खाच बोटाने चाचपून पाहिली. तिथे त्या पंधरा मिनिटं होत्या, जास्त नाही.

६ तारखेला गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. हेदवीची बामणघळ बघायची होती, पण तिथे पाणी उसळतं ते भरतीला. नवमी म्हणजे भरती पावणेसातला, आम्ही दहाला. आईनेच सांगितलं, आता जाऊन उपयोग नाही. दशभुजा गणपतीचं दर्शन घेऊन थेट तवसाळ. ही तिसरी जेट्टी, शास्त्री नदीची खाडी, पलीकडे जयगड. इथे पुन्हा रिव्हर्स. या वेळी पाय थरथरला नाही.

त्या दिवशीचं संकट जमिनीवर होतं. गणपतीपुळ्याजवळ आगाऊ पैसे भरून ठेवलेली खोली पोचल्यावर कळलं की दुसऱ्यांना दिली आहे. त्यांनी पैसे लगेच परत केले, पण दुपारचे अडीच वाजलेले, आई थकलेली. मला रडू यायच्या बेताला होतं. दोघींना एका खानावळीत सोलकढी घेऊन बसवलं आणि मी फोन करत सुटले. चार वाजता मालगुंडला एक खोली मिळाली, तळमजल्यावरची, आधीच्यापेक्षा दोनशे रुपये जास्त. त्यानंतर मी प्रत्येक पुढच्या मुक्कामाला आदल्या सकाळी फोन करून "उद्या येतोय, तळमजल्याची खोली, तिघी" असा मेसेजही पाठवायला लागले आणि उत्तर आल्याशिवाय निघाले नाही. संध्याकाळी केशवसुतांचं स्मारक पाहिलं, मालगुंड हे त्यांचं जन्मगाव. गर्दी अजिबात नव्हती.

७ तारखेचं पान मी चुकीचं आखलं होतं, हे मोकळेपणाने सांगते. मालगुंड ते कुणकेश्वर, साधारण १६० किलोमीटर. जयगडनंतर वाटेत जेट्टी नाही, भाट्ये, पूर्णगड, जैतापूर सगळीकडे पूल आहेत, म्हणून पटापट जाऊ असं वाटलं होतं. आरे-वारेचा किनारा, रत्नागिरी, पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी, कशेळीचा कनकादित्य, आडिवऱ्याची महाकाली. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं म्हणता म्हणता दुपार झाली. चार तासांचा नियम मोडला, सहा तासांच्या वर चालवलं, आईला दोनदा त्रास झाला. पुन्हा आखायची वेळ आली तर पावस किंवा गणेशगुळ्याला एक रात्र घालेन. एका ठिकाणी मोबाइलच्या नकाशाने आम्हाला गडग्यांमधल्या अशा बोळात नेलं की दोन्ही आरसे मिटून घ्यावे लागले. समोर गोठा आणि रस्ता संपला. शंभर मीटर उलटं यावं लागलं. सोसायटीच्या रॅम्पने तिथेही साथ दिली. बैलाला पाणी पाजणाऱ्या आजोबांनी हाताने दिशा दाखवत बाहेर काढलं आणि म्हणाले, "एस्टीच्या मागोमाग जायचा." दुपारनंतर एसटी दिसली की तिचाच माग धरला. देवगडहून मिठमुंबरीच्या पुलावरून कुणकेश्वरला पोचलो तेव्हा सूर्य बुडायला आला होता. देऊळ अगदी लाटांच्या कडेला. आई आल्या आल्या झोपली, जेवलीही नाही.

८ तारखेला म्हणून काहीच ठरवलं नाही. आरामात आचऱ्यावरून मालवण, पन्नासेक किलोमीटर. शनिवार असल्याने सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीला रांग होती, तासभर. मावशी धक्क्यावर बसते म्हणाली, पण होडीवाल्या दोघा मुलांनी तिला खुर्चीसकट उचलून आत ठेवलं. २५ नोव्हेंबर १६६४ ला या किल्ल्याची पायाभरणी झाली. भर समुद्रात असून आत गोड्या पाण्याच्या विहिरी, दूधबाव, साखरबाव, दहीबाव. शिवराजेश्वराच्या देवळात दोघी हात जोडून बराच वेळ उभ्या राहिल्या. रात्रीची खोली ३,२०० रुपये, सगळ्या प्रवासातली सगळ्यात महाग.

९ तारखेला पहाटे सहाला निघून कणकवली, फोंडा घाट, राधानगरी, कोल्हापूर. कोल्हापूरला जेवण, पुढे महामार्ग, चार टोलनाके. साडेसहाला घरी. फोंडा घाटात आईला काहीही झालं नाही.

हिशेब मावशीने ठेवला. एकूण हजार किलोमीटरच्या थोडं वर, पेट्रोल ५,९००. सात रात्रींच्या राहण्याचे १५,२००. खाणंपिणं ७,३५०. जेट्ट्या ७४०, टोल ४००, होडी, देवळं आणि किरकोळ १,९००. बेरीज ३१,४९०, म्हणजे माणशी साडेदहा हजारांच्या आत. सर्व्हिसिंग यात धरलेलं नाही, ते तसंही करायचंच होतं.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी त्यांच्या सासूबाईंना घेऊन मार्चमध्ये दापोली-गुहागर करणार आहेत. त्यांना वही दिली आहे. देण्याआधी आईने ती मागून घेतली, कालनिर्णय शेजारी उघडून बसली, आणि शेवटच्या पानावर त्यांच्या तारखांच्या तिथ्या, भरती आणि ओहोटी असे तीन रकाने पाडून भरून दिले. दाभोळच्या पुढे कंसात लिहिलं आहे: वरच्या मजल्यावर जा, जिना हळू चढा.